माई, गादी सोडून बाकी घे

लातूर,
२ जून

चि. माईस,
अनेक आशीर्वाद.

काल संभाजीनगरहून तू फोनवर म्हणालीस, अकरा हजारांत अख्खा संसार मिळतोय. कॉट, गादी, छोटा फ्रिज, कूलर, मिक्सर आणि एक लाकडी कपाट. ती मुलगी खोली सोडून चाललीय, शनिवारपर्यंत तिला सगळं काढायचंय, म्हणून एवढ्या स्वस्तात देतेय. मी काही सांगायला लागलो की तू "हो अण्णा, हो अण्णा" म्हणत होतीस. तुझं 'हो अण्णा' म्हणजे काय असतं ते तू चौथीत असल्यापासून मला ठाऊक आहे. म्हणून लिहून पाठवतोय. कागदाला मधेच "बरं ठेवते" म्हणता येत नाही.

जुनं घेण्याला माझा विरोध आहे असं समजू नको. तसा असता तर आपलं घरच चाललं नसतं. आपल्या दुकानात नवं लाकूड किती यायचं ते तू बघितलंयस. कुणाचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, उतरवलं की तिथल्या तुळया, खांब, किलचनं आपण विकत आणायचो. पिढ्यान्‌पिढ्या चुलीचा धूर खाल्लेलं, वाळून खडखडीत झालेलं सागवान. त्याची चौकट केली की पावसाळ्यात फुगत नाही, उन्हाळ्यात तडकत नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीकडच्या पडलेल्या घरांचं लाकूडही माझ्या रंध्याखाली आलं. एका खांबावर हळदी-कुंकवाची बोटं तशीच होती. तेवढा खांब मी रंधला नाही, विकलाही नाही. तो अजून माळ्यावर आहे, तुझ्या आईला विचार.

त्याच दिवसांत औशाकडं जुन्या कपड्यांच्या गाड्या यायच्या. लोक घ्यायला लाजायचे, काही कपडे रस्त्याच्या कडेला ढीग होऊन पडले. तुझी आजी मामाच्या घरी मदतीला गेली होती. ती म्हणाली, कपड्याला जात नसते, फक्त आधी उकळा. मोठं पातेलं चुलीवर ठेवून तिनं सोडा टाकला, सगळं उकळून काढलं आणि मग पोरांच्या अंगावर घातलं. आजीला शाळा ठाऊक नव्हती, पण दुसऱ्याची वस्तू घरात कशी आणायची हे तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. मला तर नव्हतंच. आता ते सांगतो. तू ही गोष्ट अर्धीमुर्धी ऐकलीयस, पूर्ण कधी सांगितली नाही.

१९९९ साल. तू आठ महिन्यांची होतीस. एका तालुक्याच्या गावात एक लॉज बंद पडला आणि त्याचं सामान विकायला निघालं. मी गेलो होतो दरवाजे बघायला, नजर गेली एका पलंगावर. जुनं सागवान, डोक्याकडच्या फळीवर वेल कोरलेली, पाय खरादावर काढलेले. नवा करायचा म्हटला असता तर नुसत्या लाकडालाच पाच-सहा हजार लागले असते. ते मागत होते चौदाशे. मी बाराशेला तोडला, वर एक कापसाची गादी फुकट पदरात पाडून घेतली, आणि टेंपोच्या हौद्यात त्याच गादीवर बसून राजासारखा लातूरला आलो.

सुतार माणूस मी. लाकूड नखानं दाबून बघितलं, वास घेतला, फळीवर टिचकी मारून आवाज ऐकला. पण सांधा उकलून बघितला नाही. पलंग उलटा केला नाही. चांगल्या लाकडाला बघून माझी बुद्धी तिथंच बसली.

आठ-दहा दिवसांनी तुझ्या पोटरीवर गांधी उठल्या. तीन-चार, एका ओळीत. डॉक्टर म्हणाले उष्णता असेल, अंगाला लावायला गुलाबी औषध दिलं. तुझ्या आईच्या अंगावर काही नाही, माझ्याही नाही, त्यामुळं ढेकणाचा विचारच मनात आला नाही. पुढं कळलं की चावा सगळ्यांच्या अंगावर उठतोच असं नाही. चावत होते तिघांनाही, दिसत होतं एकट्या लेकराच्या अंगावर. तेव्हा ती मुलगी "मला तर कधी काही चावलं नाही" म्हणाली तर ती खोटं बोलते असं नाही. पण त्यावर विसंबू नको.

त्यात तुझ्या आत्याला बघायला पाहुणे आले. घरातली सगळ्यात देखणी वस्तू म्हणजे तो पलंग, म्हणून मुलाच्या वडलांना त्यावरच बसवलं. चहा येईस्तोवर ते गृहस्थ तीनदा जागा बदलून बसले. जाताना एका हातानं नमस्कार करत होते, दुसऱ्या हातानं मांडी खाजवत होते. ते स्थळ देण्याघेण्यावरून फिसकटलं असं आपण आजवर सगळ्यांना सांगत आलोय. तुझ्या आत्यालाही.

त्या रात्री आजीनं घरातले दिवे बंद करायला लावले. पहाटे तीनच्या सुमाराला उठली, बॅटरी पेटवली आणि मला बोलावलं. डोक्याकडच्या फळीच्या मागं, कुसू, म्हणजे एका लाकडाचं टोक, दुसऱ्याच्या खाचेत बसतं तिथं, ढेकणांची रांग. अख्ख्या मसुराएवढे, तसेच चपटे, रंगही तोच. रक्त पिलेले मात्र टच्च फुगून लांबट झालेले. आजूबाजूला शाईच्या टाकानं टिंबं टाकावीत तसे काळे ठिपके. पंधरा वर्षं मी तसले सांधे करत होतो, त्यात राहतं कोण ते मला आजीनं दाखवलं.

मग पलंग अंगणात काढला. एकेक सांधा सोडवून खाचांमध्ये केटलीनं उकळतं पाणी ओतलं. आजी सांगायची, तिच्या लहानपणी खाली पांढरं धोतर अंथरून बाज आपटायचे. पडतील ते ढेकूण गोळा करून उकळत्या पाण्यात टाकायचे. पलंग काही आपटता येत नाही. तरी एका दिवसात शे-दीडशे निघाले. आठ दिवस शांत झोप लागली. नवव्या रात्री पुन्हा सुरू. अंडी राहिली होती. पांढरी, जेमतेम मिलिमीटरभर, भेगेत चिकटवल्यासारखी. सहा ते दहा दिवसांत ती फुटतात आणि बारकी पिलं बाहेर येतात. म्हणून एकदा मारून भागत नाही, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं तेच दोनदा-तीनदा करावं लागतं. आम्ही पहिल्या वेळेलाच जिंकलो म्हणून पेढे खायचे तेवढे राहिले होते.

सगळा खर्च मांडला तर बाराशेचा पलंग साडेतीन हजारांना पडला. डॉक्टर, औषधं, भिंतीच्या भेगा बुजवणं, चुना, माझे बुडालेले रोज. आणि शेजाऱ्यांचं वेगळंच. वाड्यात तीन बिऱ्हाडं, मधल्या भिंती मातीच्या. ढेकूण उडत नाही, उडी मारत नाही, पण चालतो. महिन्याभरात पलीकडच्या काकूंच्या घरात निघाले. काकू वाडाभर सांगत होत्या, आमच्या पोराच्या होस्टेलातून ट्रंकेबरोबर आले म्हणून. आम्ही दोघं मान डोलावत होतो. त्या बिचाऱ्या पोराला त्याच्या बापानं मारलं होतं, माई. ढेकूण म्हणजे घाण, ढेकूण म्हणजे लक्तर, असं आपल्याकडं मनात बसलंय. खरं म्हणजे त्याला रक्त हवं आणि लपायला फट हवी, घर श्रीमंताचं की गरिबाचं हे तो बघत नाही. पण लाजेपायी आम्ही बोललो नाही आणि आमच्या न बोलण्यानं ते पसरले.

आता तुझ्या यादीकडं येतो.

गादी नको. फुकट दिली तरी नको, वर पैसे दिले तरी नको. नवी दिसते, खोळ धुतलीय, दोनच वर्षं वापरलीय, हे काहीही ऐकू नको. फोमची गादी उकलून बघता येत नाही आणि शिवणीच्या आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. तू म्हणशील गच्चीवर उन्हात टाकते. आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळिसावर जातो, लोखंडाला हात लावला तर चटका बसतो, हे खरं. पण गादी वरून तापते, आत तापत नाही. वर ऊन लागलं की ढेकूण सरकून खालच्या बाजूला जातात. अंड्यांसकट मारायचं तर आतपर्यंत ५० अंशांच्या वर ताप पोचला पाहिजे आणि तास-दीड तास टिकला पाहिजे. गच्चीवर ते जमत नाही, आणि आता तर मृग तोंडावर आलाय. उन्हाचा भरवसा आठ दिवसांचा. खोली मधे महिनाभर बंद होती म्हणून मेले असतील, हेही धरू नको. खायला न मिळता ते कित्येक आठवडे, कधी महिनेही तग धरतात. उशा, सोफा, बसायच्या गाद्या, सगळ्यांना हाच नियम. ज्याच्या पोटात काही भरलंय ते दुसऱ्याचं आणायचं नाही.

गादीची काळजी तू करू नको. तुझ्या आईनं तुझी घरची गादी उसवली, कापूस चार दिवस उन्हात वाळवला आणि पिंजाऱ्याकडून पिंजून आणला. नवी खोळ शिवून झालीय. उद्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पाठवतोय. कापसाची गादी जुनी होते ती अशी नवी होते. फोमवाल्यांना हे सुख नाही.

कॉट घे. लोखंडी आहे म्हणालीस ते चांगलं. पण लोखंडात ढेकूण होत नाहीत असं लोक म्हणतात ते खोटं आहे. पाइपची उघडी तोंडं, नट-बोल्टांची भोकं, प्लायची फळी फ्रेमवर टेकते ती कड, एवढ्या जागा त्यांना पुष्कळ झाल्या. इथं ट्युशन एरियातल्या होस्टेलांच्या कॉट मी वर्षानुवर्षं दुरुस्त करतोय. नीटची परीक्षा झाली की पोरं गावाकडं जातात, कॉट एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत फिरतात, आणि एका मालकाच्या चुकीनं चार इमारती खाजवत बसतात. तेव्हा तिथंच कॉट उलटी कर. मी गादीबरोबर एक पिशवी पाठवतोय, त्यात बॅटरी आणि पान्हा आहे. बॅटरी तिरपी धर, उजेड सरळ पडला तर काही दिसत नाही. जुनं एटीएम कार्ड फळीच्या फटीतून ओढ. काळे ठिपके, अंगाची कात टाकलेली पारदर्शक टरफलं, पांढरी अंडी, यातलं एकही दिसलं तर नमस्कार करून बाहेर पड. काही नाही दिसलं तरी फळी तिथंच सोड. प्लायची नवी फळी बजाजनगरातल्या कुठल्याही दुकानात कापून मिळेल. फ्रेम बाहेरच ठेवून पाइपच्या तोंडातून उकळतं पाणी ओत, वाळव, मग आत ने. हात सांभाळून. मैत्रिणीला किटली धरायला सांगू नको, तिला मोबाइल बघायची सवय आहे.

आत नेल्यावर पहिला महिनाभर कॉट भिंतीपासून वीतभर दूर ठेव आणि चारी पायांखाली गुळगुळीत प्लास्टिकच्या वाट्या ठेव, आतून थोडी टाल्कम पावडर चोळून. ढेकणाला गुळगुळीत भिंत चढता येत नाही. वाटीत एक जरी सापडला तरी वेळेवर कळतं. चादर जमिनीला टेकू द्यायची नाही, नाहीतर वाट्या ठेवून उपयोग काय.

कपाटाचं मात्र मला बोलू दे, तो माझा धंदा आहे. फोटोवरून ते अस्सल लाकूड वाटतंय, पण आतले कप्पे हलक्या लाकडाचे असणार. कप्पे बाहेर काढ आणि खालच्या बाजूनं बघ. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आहेत का? असली तर खाली मैद्यासारखं पिवळसर पीठ पडलंय का? ही पीठ पाडणारी कीड लाकडाच्या पांढऱ्या भागात असते, कारण तिला त्यातला पिठूळ अंश लागतो. सागाच्या गाभ्याला ती सहसा तोंड लावत नाही. आंबा, बाभळीची सालीकडची बाजू, असलं तिला आवडतं. भोक दिसलं म्हणजे कीड आहेच असं मात्र नाही. भोक म्हणजे किडा बाहेर पडून गेल्याची खूण. भोक आतून काळपट, धुळीनं भरलेलं असेल तर जुनी गोष्ट. आतून नवं लाकूड दिसतंय आणि बोट लावलं की पीठ येतंय, तर आत अजून अळ्या आहेत. त्या महिनोन्‌महिने आत राहतात, आणि असलं कपाट घरात आलं की पुढच्या वर्षी तुझ्या खिडकीच्या चौकटीतूनही पीठ पडायला लागू शकतं. पीठ झटकून खाली काळा कागद ठेव, दुसऱ्या दिवशी जाऊन बघ. एक फेरी जास्त पडेल, पडू दे.

वाळवीची गोष्ट वेगळी. वाळवीचं नाव काढलं की लोक घाबरतात, पण आपल्याकडची वाळवी बहुतेक जमिनीतून मातीच्या नळ्या बांधत येते. तिला ओल लागते, माती लागते, तिचं सगळं खटलं खाली जमिनीत असतं. कोरडं कपाट उचलून आणलं तर ते खटलं सहसा बरोबर येत नाही. म्हणजे वाळवीनं खाल्लेलं कपाट घर खात नाही, पण ते भारही पेलत नाही. पटाशीच्या टोकानं, नाहीतर स्क्रू-ड्रायव्हरनं, पाय दाबून बघ. आत रुतलं तर त्यात साड्या ठेवशील आणि साड्यांसकट खाली येशील. पातळ प्लाय आणि भुसा दाबून केलेल्या फळ्यांच्या कपाटाला तर मी हातही लावत नाही. ते एकदा खोललं की पुन्हा स्क्रू धरत नाही. तसं असेल तर सोड आणि रविवारी जाफर गेटच्या बाजारात जा. लोखंडी कपाट शोध, बिजागऱ्या आणि कुलूप बघ. पोचा आलेला असला तर उलट चांगलं, पोच्याचे पैसे कमी करून घे.

फ्रिज आणि मिक्सर म्हणजे झुरळांची घरं. मोठी उडणारी झुरळं नव्हे, बारकी तपकिरी, मानेवर दोन काळ्या रेघा असलेली. त्यांना ऊब लागते, म्हणून ती मोटारीजवळ बसतात. फ्रिज चालू असताना मागची बाजू बघ, पाणी साचायची थाळी बघ, दाराच्या रबराच्या घड्या बोटानं उघडून बघ. मिऱ्याच्या भरड्यासारखी विष्ठा दिसते आणि एक तेलकट कुबट वास येतो. एकदा ओळखला की विसरत नाही. तांदळाच्या दाण्याहून जाड, तपकिरी कुपी दिसली तर ती अंड्यांची थैली. एकीतून तीस-चाळीस निघतात. मिक्सर बंद करून उलटा कर आणि तळव्याच्या जाळीवर दोन थापा मार. फ्रिज घ्यायचाच असेल तर एक-दोन दिवस बाहेर गॅलरीत ठेव. पिशवीत बोरिक पावडरीची पुडी आहे. कणीक, साखर आणि ती पावडर मळून वाटाण्याएवढ्या गोळ्या कर आणि मागं ठेव. आठवडाभर लागतो, लगेच परिणाम दिसत नाही. खालच्या बिऱ्हाडातलं मांजर किंवा लेकरू तिथवर पोचणार नाही हे मात्र बघ. आणि सामान आणायला किराणा दुकानातली खोकी आणू नको. झुरळं पुष्कळदा त्या पुठ्ठ्याच्या पन्हाळीतून येतात.

कूलर घे, फक्त एक काम कर. आतलं गवत फेकून नवं बसव आणि टाकी नुसती विसळू नको, ब्रशनं घासून काढ, पाण्याची रेघ असते तिथं विशेष. डेंग्यूचा डास पाण्यात नाही, पाण्याच्या कडेला भिंतीवर अंडी घालतो. ती अंडी कोरडी पडून महिनोन्‌महिने राहतात आणि पाणी भरलं की फुटतात. म्हणजे कोरडा ठणठणीत कूलर आणलास तरी त्यात डास येऊ शकतात, हे मला गेल्या वर्षीपर्यंत ठाऊक नव्हतं.

भांडी, प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबल, बादल्या, यावर मी कागद खर्च करत नाही. बिनधास्त घे. कुकर घेतलास तर रबर आणि शिट्टी नवी. कपडे घेतेस हे आईनं सांगितलं. घे, पण हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात भिजव, नंतर शिवणीवरून कडक इस्त्री फिरव. पुस्तकं घेतलीस तर त्यात कसर नाही ना ते बघ, ती चंदेरी, झपकन पळणारी. ती चावत नाही, पण खळ आणि कागद खाते. आपल्या भाषेत काटकसरीतच कसर बसलीय हे मला आजच लिहिताना दिसलं. आजी असती तर तिला सांगितलं असतं.

एक गोष्ट गंमत सोडून सांगतो. चुकून काही घरात आलंच, तर धान्यात ठेवायच्या गोळ्या खोलीत ठेवू नको. आपल्याकडं सल्फास म्हणतात ती. ज्वारीच्या पोत्यात ठेवतात म्हणून लोकांना ती घरातलीच वाटते. हवेतली ओल लागली की तिच्यातून फॉस्फीन वायू निघतो, तो दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो, आणि त्याच्यावर उतारा नाही. ढेकूण मारायला ठेवलेल्या गोळीनं माणसं गेलीत. तसंच गावाकडून कुणी कपाशीचं औषध आणून "थोडं शिंपड" म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठव. पिकावरचं औषध पिकावर. परवाना असलेला फवारणीवाला बोलाव, तो सांगेल तितका वेळ खोलीबाहेर राहा, आणि तो दुसऱ्यांदा कधी येणार ते पहिल्या दिवशीच ठरवून घे. पैसे कमी पडले तर मला फोन कर. त्याला लाजू नको, आणि घरमालकाला आणि शेजारच्या खोलीतल्यांना सांगायला तर मुळीच लाजू नको.

हे मी का लिहितोय? त्या लॉजच्या गादीचं तुला सांगायचं राहिलं. तुझ्या आईला वाटतं मी ती जाळली. मी जाळली नाही. आठवडी बाजारात नेली आणि एका उसतोडीच्या जोडप्याला शंभर रुपयांना विकली. त्यांच्याजवळ एक लहान मूल होतं. बाई म्हणाली, दादा, गादी स्वच्छ आहे ना? मी म्हणालो, घरची आहे. त्या शंभरातून तुला सँडल घेतले. ते फडावरच्या झोपडीत, कोपीवर, गेले असतील, गादी घेऊन. सव्वीस वर्षं झाली, कोणाला सांगितलं नव्हतं.

त्यामुळं त्या मुलीला विचारताना असं विचार की तिला खरं सांगता यावं. "ढेकूण आहेत का?" असं तोंडावर विचारलंस तर ती नाहीच म्हणेल, मीही म्हणालो होतो. "आमच्या घरात एकदा झाले होते, म्हणून मी सगळं उलटं करून बघते, राग मानू नको" असं म्हण. आमच्या नावावर खपव, चालेल. आणि पुढं कधी तू खोली सोडलीस आणि तुझी गादी कुणी मागितली, तर काय करायचं ते तू ठरव.

पलंगाचं काय झालं ते विचारशील. तो मी पूर्ण सोडवला, फळ्या दोन उन्हाळे पत्र्यावर टाकल्या, सगळ्या बाजू रंधून काढल्या. डोक्याकडची वेलीची फळी आपल्या देवघराच्या मागं आहे. बाकीच्याचं टेबल केलं. ज्याच्यावर तू दहावीपासून इंजिनिअरिंगपर्यंत अभ्यास केलास आणि ज्याच्या कडेला कर्कटकानं स्वतःचं नाव कोरून मार खाल्लास, तेच. लाकूड खरंच चांगलं होतं.

गादी सोडून बाकीचं सगळं ठीक निघालं तर साडेआठ हजार सांग, नऊवर थांब. कपाट सोडलंस तर सात. पैसे देण्याआधी फ्रिज दोन तास चालवून बर्फ धरतो का ते बघ. ट्रॅव्हल्स सकाळी सहाला बाबा पेट्रोलपंपावर पोचते, ड्रायव्हरला तुझा नंबर दिलाय. गादी भिजली तर आई मला घराबाहेर काढेल, म्हणून वरून प्लास्टिक बांधलंय. शेंगदाण्याची चटणी गादीच्या घडीत नाही, वेगळ्या डब्यात आहे. पान्हा दादाचा आहे, येताना परत आण.

तुझे
अण्णा